सागरगोटा: ओळखायचा कसा, रुजवायचा कसा, आणि औषधाचं काय

काष्ठौषधीच्या दुकानात सागरगोटे वजनावर मिळतात, त्यांची पूड डबीत भरून ऑनलाइन विकली जाते, आणि खेळायचे सागरगोटे आता बहुतेक घरांत प्लास्टिकचे असतात. मुळात हे एका काटेरी वेलीचं बी आहे, ती वेल समुद्रकाठची आणि खाडीकाठची आहे, आणि ठाणे-नवी मुंबईच्या दमट, खारट हवेत ती मजेत वाढते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ज्यांना ही वेल शोधायची आहे, बी जमवून रुजवायचं आहे, किंवा घरातल्या मुलांना खरेखुरे सागरगोटे द्यायचे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधाचा भाग मुद्दाम मागे ठेवला आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि वेल कधी पाहतच नाहीत.

नावं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. सागरगोटा, गजगा, संस्कृतात कुबेराक्ष किंवा लताकरंज. शास्त्रीय नाव गिलँडिना बॉन्डक. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हेच नाव दिलं होतं. मधल्या काळात वेल सीसॅल्पिनिया या गटात गेली आणि अलीकडे परत मूळ नावावर आली, त्यामुळे जुन्या पुस्तकांत सीसॅल्पिनिया बॉन्डक दिसलं तरी वेल तीच.

पहिली पायरी: वेल डोळ्यांत बसवा

सागरगोटा धड झाडही नाही आणि धड वेलही नाही. मोकळ्या जागेत तो पसरट झुडपासारखा वाढतो. शेजारी भेंड किंवा करंज उभा असेल तर आकड्यासारख्या काट्यांनी त्याला धरून वर चढतो आणि दहा मीटरपर्यंतही जातो. लांबून पाहिलं तर हिरव्या फांद्यांचा नुसता गुंता दिसतो. जवळ जायच्या आधी थांबा आणि पान बघा.

पान मोठं असतं, हातभर लांबही होतं. मधल्या दांड्यावर सहा ते नऊ जोड्या उपदांडे, आणि त्या प्रत्येकावर पुन्हा छोट्या पानांच्या जोड्या. गुलमोहराच्या पानाची रचनाही अशीच, पण सागरगोट्याची पानकं चांगली मोठी, दीड ते चार सेंटिमीटर लांब असतात. पान उलटं करा. दांड्याच्या खालच्या बाजूला मागे वळलेले काटे रांगेने दिसतील. सगळ्यात पक्की खूण पानाच्या देठाच्या बुडाशी आहे. तिथे पानासारखीच दिसणारी, कातरलेली, मोठी उपपर्णं असतात. फुलं-शेंगा नसल्या तरी एवढ्यावरून वेल ओळखता येते.

फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. पिवळी, लहान, लांब तुऱ्यावर. बहुधा नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेलींवर असतात. म्हणून एखादी वेल दरवर्षी भरभरून फुलते आणि तिला शेंग मात्र एकही लागत नाही. अशी वेल वांझ आहे म्हणून तोडू नका. शेजारच्या वेलीला शेंगा लागतात त्या हिच्यामुळे.

शेंग पाहिली की शंका उरत नाही. पाच ते आठ सेंटिमीटर लांब, फुगीर, चपटी, आणि अंगभर ताठ काट्यांनी भरलेली. जणू साळिंदराचं पिल्लूच. आत एक किंवा दोन बिया, क्वचित तीन. पिकली की शेंग तपकिरी होऊन शिवणीवर उकलते, आणि आतले शिशाच्या रंगाचे गुळगुळीत गोटे बाहेरूनच दिसतात.

आता घोटाळा कुठे होतो ते. घाटाकडच्या कुंपणांत चिल्हार असते. तिलाही काटे आहेत आणि पिवळी फुलं आहेत, पण तिची शेंग गुळगुळीत, टोकाला चोच असलेली, आणि बिया बऱ्याच. वाकेरीचे तुरे शेंदरी-लाल असतात आणि हिवाळ्यात उठून दिसतात. खाडीतल्या कांदळवनात तिवरांवर चढलेली करंजवेल दिसते, पण तिला काटे नाहीत, आणि एका पानात तीन ते सात पानकं. काटेरी शेंग यांतल्या एकीलाही नाही.

दुसरी पायरी: कुठे शोधायची, आणि कुठे हात लावायचा नाही

या वेलीला भरपूर ऊन लागतं. खारं वारं चालतं, पण मुळाशी रोज भरतीचं पाणी आलेलं चालत नाही. म्हणून ऐन चिखलात, तिवरांच्या मधोमध ती शोधू नका. भरतीची रेषा जिथे संपते तिच्या वर नजर ठेवा. खारजमिनीचे आणि मिठागरांचे जुने बांध, खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांच्या मागची पडीक जागा, जुन्या वाड्यांची कुंपणं, टेकडीच्या पायथ्याची उघडी झुडपं, अशा जागा धरा. ती समुद्रापासून आत, गावाकडेही सापडते. कोणी तरी कधी कुंपणाला लावलेली असते.

जुन्या गावठाणात चौकशी करायची तर वयस्कर बायकांना विचारा. पुरुषांना बहुतेकदा काटेरी झुडूप एवढंच आठवतं. "आजी, गजग्याची वेल इथे कुठे होती का हो?" असं विचारलं की आजी आधी खेळाबद्दल बोलतात, मग कोणाच्या वाडीत वेल होती ते सांगतात, आणि मग तिथे आता इमारत उभी आहे तेही सांगतात. तरी चारातली एखादी जागा शाबूत निघते.

बी शोधायचं असेल तर पौष ते फाल्गुन हा काळ उत्तम. शेंगा वाळून उकललेल्या असतात आणि झाडीतला चिखल सुकलेला असतो. फक्त ओळख करून घ्यायची असेल तर भाद्रपद-आश्विन बरा, फुलं असतात.

कायद्याचं आत्ताच सांगतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही तोडणं किंवा उचलून नेणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथेही तेच. अभयारण्याबाहेरच्या कांदळवनालाही कायद्याचं संरक्षण आहे. या जागी बघा, फोटो काढा आणि परत या. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र कांदळवनाची झाडं ओळखायला शिकण्यासाठी चांगली जागा आहे. तिवर, कांदळ, मारांडी यांची ओळख झाली की त्यांच्या मागे कोण उभं आहे हे कळायला लागतं.

बी आणायचं ते खासगी वाडीतून, मालकाला विचारून. दुसरी वाट उत्तनची. हा किनारा ठाणे जिल्ह्यातच आहे. पावसाळा संपता संपता भरतीने आणलेल्या कचऱ्याच्या रेषेत चप्पल, बाटल्या, थर्माकोल यांच्यात बिया शोधायच्या. सागरगोटा मिळेलच असं नाही, पण मिळाला तर तो आपल्या पायांनी आलेला. आणि हे काहीच नको असेल तर सरळ ठाण्याच्या जांभळी नाक्याकडच्या बाजारात काष्ठौषधीवाल्याकडे जा. मागताना "सागरगोटा" म्हणा. नुसतं "करंज" म्हणालात तर करंजाच्या झाडाच्या चपट्या बिया हातात पडतील.

तिसरी पायरी: काट्यांतून बी काढणं

पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, जीन्स, बूट. चामड्याचे हातमोजे असतील तर फार बरं. बागकामाचे कापडी मोजे इथे कुचकामी. लांब काठीला आकडी बांधून घ्या, आणि एक जुनी चादर.

वेलीत शिरायचं नाही. चादर खाली पसरा, आकडीने शेंगांचा घोस हलवा, ज्या बिया सुटल्या असतील त्या आपोआप पडतील. वाळलेली शेंग हलवली की आतून खुळखुळते. अशा शेंगा कात्रीने देठासकट कापून चादरीत टाका आणि घरी आल्यावर पक्कडीने उघडा.

शर्टाला काटा अडकला तर ओढू नका. काटे मागे वळलेले असतात, तुम्ही लांब ओढाल तितके ते रुततील. उलट वेलीच्या दिशेने एक पाऊल जा, कापड सैल पडेल, मग सोडवा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण काटा लागला की माणसाचा हात आपोआप मागे येतोच.

सगळ्या शेंगा काढू नका. घोसाला दोन-चार राहू द्या.

चौथी पायरी: बी निवडणं

चांगला सागरगोटा राखाडी, तुकतुकीत, दीड ते दोन सेंटिमीटरचा असतो. उजेडात धरला तर अंगावर बारीक रेषांची वर्तुळं दिसतात. हिरवट किंवा मऊ असेल तो कोवळा. बारीक भोक असेल तर आत कीड गेली आहे. तडा गेलेला खेळायला चालेल, पेरायला नाही.

शेतीची सवय असलेले लोक बी पाण्यात टाकून पारखतात, तरंगेल ते पोचट आणि बुडेल ते चांगलं. सागरगोट्याला ही पारख लावू नका. चांगलं, जिवंत बीसुद्धा तरंगतं, कारण कवचाच्या आत डाळींच्या मधे हवेची पोकळी असते. वेलीचा सगळा प्रवास याच पोकळीवर आणि पाणी आत न जाऊ देणाऱ्या कवचावर चालतो. बी महिनोन् महिने समुद्रात राहून दुसऱ्या किनाऱ्याला लागतं आणि तिथे रुजू शकतं. म्हणून ही एकच जात आशिया, आफ्रिका, अमेरिका, पॅसिफिकची बेटं अशी जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर आहे.

जिथे रुजणं शक्य नाही अशा थंड किनाऱ्यांवरही ते जातं. १६९०च्या दशकात हॅन्स स्लोन या वैद्य आणि निसर्गअभ्यासकांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर वाहून येणाऱ्या चार प्रकारच्या विचित्र बियांबद्दल लिहिलं होतं. त्यात हा राखाडी गोटाही होता. त्या काळी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर अशा बिया दृष्ट लागू नये म्हणून मुलांच्या गळ्यात बांधत. पांढुरक्या रंगाची बी सगळ्यात गुणकारी समजली जाई आणि संकट आलं की ती काळी पडते असा समज होता. बी आलं कुठून, हे बांधणाऱ्या आयांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

निवडलेल्या बिया धुऊन, पुसून, दोन दिवस सावलीत वाळवा. इथून दोन वाटा: खेळ आणि रुजवण.

पाचवी पायरी: खेळायचे सागरगोटे

पाच बिया घ्या, शक्यतो एका आकाराच्या. खोबरेल तेलाचा एक थेंब तळहातावर घेऊन चोळल्या की छान चमकतात. लहान हातांना थोड्या लहान बिया द्या, नाहीतर मुठीत पाचही मावत नाहीत.

खेळ असा. जमिनीवर बसून पाचही गोटे हलक्या हाताने पसरायचे. एक उचलून वर उडवायचा, तो खाली यायच्या आत त्याच हाताने जमिनीवरचा एक उचलायचा आणि उडवलेला झेलायचा. असे चारही झाले की पुढच्या फेरीत दोन-दोन उचलायचे, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. शेवटी पाचही वर उडवून उपड्या हातावर झेलायचे आणि तिथून पुन्हा उडवून मुठीत घ्यायचे. उचलताना दुसऱ्या गोट्याला धक्का लागला किंवा झेल सुटला की डाव पुढच्या मुलीकडे. गावोगावी यात भर असते, सात गोट्यांनी खेळतात, गाणी म्हणतात, नागपंचमीला आणि मंगळागौरीला मोठ्या बायकाही बसतात. तुमच्या घरी आजी असतील तर नियम त्यांचेच धरा, माझे बाजूला ठेवा.

एक शहरी अडचण आहे. हा खेळ सारवलेल्या जमिनीवर जमतो. फ्लॅटच्या टाइल्सवर गोटे उसळून सोफ्याखाली जातात आणि आवाजाने खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. जाड सतरंजी घाला.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सागरगोटा अजिबात देऊ नका. आकार असा आहे की तो घशात अडकू शकतो. खेळ संपला की मोजून डबीत ठेवा.

हेच बी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बाओ या खेळात आणि कॅरिबियन बेटांवर वारी या खेळात सोंगट्या म्हणून वापरतात. लाकडी पाटावर खळगे असतात आणि त्यांत बिया वाटत जायच्या. आपल्याकडे ज्यांना मुठीचा खेळ जमत नाही अशा आजोबांना हा बैठा खेळ शिकवून पाहायला हरकत नाही, गोटे तेच चालतात.

सहावी पायरी: बी रुजवणं

नवखे लोक बी तसंच मातीत खुपसतात, दोन महिने पाणी घालतात आणि कंटाळतात. बी मेलेलं नसतं. कवच पाणी आत घेत नाही, एवढंच. निसर्गात ते वाळूत, दगडांत घासून, उन्हापावसाने झिजून हळूहळू पाणी प्यायला लागतं. ते काम आपल्याला हाताने करायचं आहे.

१. बी पक्कडीत किंवा चिमट्यात धरा. त्याच्या एका बाजूला फिकट ठिपका दिसेल, शेंगेला बी जिथे चिकटलेलं होतं ती जागा. तिच्या विरुद्ध बाजू घासायला घ्या.

२. जाड पॉलिश पेपर किंवा लोखंडी कानस वापरा. राखाडी थर जाऊन खालचा फिकट थर दिसू लागेपर्यंत घासा, आणि तिथेच थांबा. आतल्या गराला जखम झाली तर बी कुजतं. मशीनच्या चाकावर घासू नका, बी फार तापतं. शाळेत ज्यांनी गजगा फरशीवर घासून पुढच्या बाकावरच्या मुलाच्या मानेला चटका दिला आहे त्यांना हे सांगायला नको.

३. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. पाणी आत शिरलं तर बी फुगून ठळकपणे मोठं होतं आणि कवच मऊ पडतं. सकाळी जे तसंच टणक असेल ते पुन्हा थोडं घासा आणि पुन्हा भिजवा. फुगलेलं बी जास्त वेळ पाण्यात ठेवू नका.

४. एक भाग माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग जुनं शेणखत, असं मिश्रण उंच पिशवीत भरा. बी दोन-तीन सेंटिमीटर खोल ठेवा. पिशवीला खाली भोकं हवीतच.

५. पिशवी उन्हात ठेवा. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. कोंब यायला दोन ते चार आठवडे धरून चाला.

चैत्रात पेरलं तर आषाढात लावायला रोप तयार असतं, म्हणून मला हाच महिना आवडतो. रोपाला लवकरच काटे येतात, तेव्हा पिशव्या गॅलरीच्या कडेला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवा. मोठेपणी ही वेल कुंडीत राहणार नाही. गॅलरीत सागरगोटा वाढवायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या.

सातवी पायरी: औषध म्हणून काय आहे, आणि घरी काय करू नये

कवच फोडलं की आत फिकट पिवळसर गर निघतो. तो अतिशय कडू असतो. या कडवटपणावरच त्याची सगळी औषधी कीर्ती उभी आहे. आयुर्वेदात तो पोटातला शूल, जंत आणि ताप यांसाठी सांगितला आहे, आणि पोटदुखीवरच्या कुबेराक्षादि वटीत तो मुख्य असतो. बी तव्यावर किंवा गरम राखेत भाजायचं, कवच तडकलं की गर काढून कुटायचा, अशी जुनी रीत. पानं गरम करून एरंडेलासोबत सुजेवर बांधत.

तापाचा इतिहास जास्त मोठा आहे. हिवतापावर क्विनाइन महाग होतं तेव्हा सागरगोट्याचा गर आणि काळी मिरी यांचं चूर्ण देत. १८६८ साली निघालेल्या भारताच्या सरकारी औषधसंहितेत हे चूर्ण अधिकृतपणे नोंदलेलं आहे. म्हणजे ही केवळ आजीबाईच्या बटव्यातली गोष्ट नव्हती, गोऱ्या डॉक्टरांनीही ती लिहून घेतली होती. पण ती निवड नाइलाजाची होती. आज ठाण्यात किंवा नवी मुंबईत पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. हिवताप निघाला तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. सागरगोट्याने ताप उतरेल म्हणून थांबण्यात जीव जाऊ शकतो.

बाळगुटीत सागरगोटा असतो. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ यांच्यासोबत सहाणेवर त्याचा एखादा वेढा देतात. माझ्या आधीच्या पिढ्या यावर वाढल्या आहेत, मी नाकारत नाही. तरी आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, आणि मला त्यांचं पटतं. सहाण, पाणी, आणि बाजारातून आलेल्या जिनसांची स्वच्छता, यांतलं काहीच आपल्या हाती नसतं. सासूबाई आग्रह धरत असतील तर त्यांना बाळाच्या डॉक्टरांकडे सोबत न्या. वाद घरात घालण्यापेक्षा तिथे सोपा होतो.

हल्ली पाळीच्या तक्रारींसाठी, विशेषतः पीसीओडीसाठी, सागरगोट्याची पूड मिऱ्यासोबत घ्यायची लाट आली आहे. तमिळनाडूत हा घरगुती उपाय रूढ आहे, तिथून तो व्हिडिओंमधून आपल्याकडे आला. डबीवर लिहिलेल्या दाव्यांइतका भक्कम पुरावा माणसांवरच्या चाचण्यांत नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये याच्या बियांच्या अर्काने रक्तातली साखर उतरल्याचं दिसलं आहे, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनाने हात लावू नये. गरोदर बायकांनी नाहीच. घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्यांना नाडी दाखवून, चालू असलेली सगळी औषधं सांगून, त्यांनी दिलेल्या मात्रेत.

हे वाचून कोणाला मी औषधाच्या विरोधात वाटेन. तसं नाही. पण वजनाने, मात्रेने, भाजण्याच्या पद्धतीने ज्याचा परिणाम बदलतो ते लेख वाचून करू नये, एवढंच. म्हणून इथे मात्रा दिलेली नाही.

आठवी पायरी: कुंपण

माझ्या मते आज या वेलीचा खरा उपयोग कुंपणाला आहे. मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे ज्यांनी थोडी जमीन घेतली आहे आणि शनिवार-रविवारीच तिथे जाता येतं, त्यांना गुरं आणि रानडुकरं हा कायमचा ताप असतो. तारेचे खांब चोरीला जातात. सागरगोटा कोणी चोरत नाही.

आषाढात, दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की हद्दीच्या आत किमान दीड मीटरवर चर खणा. अगदी हद्दीवर लावलीत तर दोन वर्षांत वेल शेजाऱ्याच्या बांधावर आणि तुम्ही तलाठ्याकडे. रोपं एकेक मीटरवर लावा. सुरुवातीला आधाराला बांबू किंवा वाळक्या फांद्यांची साधी वई घाला, वेल तिच्यावर चढून तिला गिळून टाकते. पहिला उन्हाळा पाणी घालावं लागेल. पुढे ती स्वतःचं बघते. शेंगा हव्या असतील तर दहा-बारा रोपं तरी लावा, म्हणजे नर-मादी दोन्ही येण्याची शक्यता राहते.

सोसायटीच्या आवारात मात्र लावू नका. मुलं चेंडू आणायला कुंपणातच जातात. तिथे वनजाई, म्हणजे कडू मेंदी, लावा. तीही किनाऱ्याचीच, खारं वारं सोसणारी, आणि तिला काटे नाहीत. आंब्या-काजूच्या कलमांजवळही सागरगोटा नको, तो त्यांच्यावर चढून ऊन अडवतो.

फ्लोरिडातलं मायामी ब्लू नावाचं दुर्मिळ, छोटं निळं फुलपाखरू ज्या मोजक्या वनस्पतींवर अंडी घालतं त्यांत ही वेलही आहे. आपल्या कुंपणात तेवढं काही अपेक्षित नाही, पण बुलबुल आणि मुनिया यांना घरट्यासाठी याहून सुरक्षित जागा मिळायची नाही. म्हणून छाटणी करायच्या आधी आत घरटं आहे का ते बघून घ्या.

छाटणी वर्षातून दोनदा: शेंगा काढून झाल्यावर फाल्गुनात एकदा, आणि पावसाळा सरताना एकदा. लांब दांड्याचा कोयता घ्या आणि बाहेरून आत कापत जा. कापलेल्या फांद्या हाताने उचलायच्या नाहीत, दाताळ्याने ओढायच्या. वाळल्या तरी काटे तितकेच तीक्ष्ण राहतात, आणि वाळक्या पाचोळ्यात ते दिसत नाहीत. या फांद्या कुंपणात जिथे फट असेल तिथेच कोंबा. शहरातल्या प्लॉटवर काम करत असाल तर त्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, सफाई कामगार तो कचरा हाताने उचलतात. हातभर लांबीचे तुकडे करून गोणीत भरा, तोंड शिवा, वर मोठ्या अक्षरांत "काटे" लिहा, आणि घंटागाडीवाल्या दादांना स्वतः सांगून द्या.